खुशालराव संत्रावाल्यांची चमू

जमुनाबाई लग्न होऊन अमरावतीत आली तेव्हा तिच्या नवऱ्याला कुणी खुशालराव म्हणत नसे. तो नुसता खुशाल होता. अंबा नाल्याच्या काठी मक्त्यानं घेतलेली लहानशी वाडी, तिच्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि रोज सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन इतवाऱ्याच्या बाजारात बसणं, एवढाच त्याचा संसार. जमुनाबाई चांदूर रेल्वेची. माहेरी फुलांचा धंदा. आल्या वर्षीच तिनं वांग्यांच्या दोन वाफ्यांत शेवंती लावली आणि सासू ओरडायच्या आत तिचे हार विकूनही दाखवले. त्यामुळे त्या घरात धंद्याची गोष्ट निघाली की तिचं मत विचारलं जाई. खुशाल स्वतः विचारी.

तिच्या नवऱ्याला एक विचित्र सवय होती. बाजारात लोक चांगला माल पाहतात, हा फेकलेला माल पाहत बसे. कुणाचं काय सडलं, काहून सडलं, हे त्याला कळल्याशिवाय चैन पडायची नाही. एकदा काही कामानं तो बडनेऱ्याला गेला आणि मालधक्क्यावर अर्धा दिवस बसून परत आला. मोर्शीकडून गाड्या भरभरून आलेली संत्री पोत्यांत कोंबून मालगाडीच्या वाघिणीत रचत होते. खालच्या थराचा रस धक्क्यावर गळत होता.

"कलकत्त्याले जाईस्तोवर त्यातलं निम्मं मरते," तो घरी येऊन म्हणाला. "लोकाईले वाटते संत्रं नाजूक हाये. संत्रं नाजूक नाई, पोतं वाईट हाये."

पुढची दोन वर्षं त्यानं संत्र्यांच्या मागे घालवली. धारणीकडच्या जंगलातून बांबू आणवला, बुरुडांच्या आळीत बसून उथळ करंड्या विणून घेतल्या, तळाला आणि थराथरात कोरडं गवत घालून पाहिलं. आधी शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून करंड्या खडकाळ रस्त्यानं फिरवून आणायचा आणि उघडून बघायचा. गल्लीतले लोक म्हणत, खुशाल संत्र्याची वरात काढून राहिला. मग एका आंबिया बहराच्या पिकाला त्यानं स्वतःची पहिली वाघीण भरली आणि मालाबरोबर आपणही कलकत्त्याला गेला. हिंदी येत होतं मोडकंतोडकं, बंगाली एक अक्षर नाही. तिथल्या मंडईत त्यानं सगळ्यांसमोर करंडी उघडली तेव्हा वरचं संत्रं जसं होतं तसंच तळाचंही निघालं. त्या दिवशी त्याला तिथला बाजार सापडला. पाच-सहा वर्षांत बडनेऱ्याच्या धक्क्यावर त्याच्या नावाच्या करंड्यांची रास लागू लागली आणि खुशालचे खुशालराव झाले.

खेळाडूंची चमू काढायची कल्पनाही कलकत्त्याचीच. तिथे एका तागाच्या गिरणीच्या कामगारांचा फुटबॉलचा सामना त्यांनी पाहिला. हजारो माणसं उन्हात उभी राहून गिरणीचं नाव घेऊन ओरडत होती. खुशालरावांना फुटबॉल काही समजला नाही, पण ते ओरडणं पक्कं समजलं.

"आपल्या इकडं आट्यापाट्या हायेत," आल्या आल्या त्यांनी जमुनाबाईला सांगितलं. "आपण चमू काढू. संत्र्याच्या रंगाच्या बंड्या. अकोल्याले जाईन, यवतमाळले जाईन, जिथं जाईन तिथं लोक म्हणतीन, आली खुशालरावाची चमू."

"अन् खेळीन कोण? तुमी?"

"माह्या धक्क्यावर पाहा ना येऊन."

जमुनाबाई खरंच गेली. धक्क्यावर गाडी थोडाच वेळ थांबे आणि तेवढ्यात शेकडो करंड्या चढवायच्या असत. हमालांची नुसती धावपळ. त्यात एक उंच, सडपातळ गडी डोक्यावर करंडी घेऊन असा पळत होता की ढकलगाड्या, बैल, माणसं यांच्या मधून जाताना त्याचा कुणाला धक्का लागत नव्हता. समोरून कुणी आला की खांदा एकीकडे झुकवायचा आणि पाय दुसरीकडून काढायचा. त्याचं नाव सहदेव. महारपुऱ्यात राहायचा. बंद करंडीला विटाळ लागत नाही, अशी बाजारानं आपली सोय लावून घेतली होती, म्हणून त्याला काम होतं.

आट्यापाट्यांना दुसरं काय लागतं? मैदानात नऊ आडव्या पाट्या आखायच्या, त्यांना मधून छेदणारी एक उभी. पाटीपाटीवर विरुद्ध बाजूचा एक एक गडी हात पसरून उभा. त्यांना हुलकावण्या देत नऊही पाट्या ओलांडून जायचं आणि परत यायचं. पाटीवरच्याचा हात लागला की बाद. वाडीत पाण्याच्या पाटांवरून उड्या मारत वाढलेल्या माळ्यांच्या पोरांना हा खेळ शिकवावा लागत नसे. खुशालरावांनी आपल्या पुतण्याला, सूर्यभानला, म्होरक्या केलं. धक्क्यावरचे चार हमाल घेतले, चार वाडीवाले. सगळ्यांना सकाळी शेर शेर दूध, सरावाच्या वेळेची पूर्ण मजुरी आणि बाहेरगावी जाताना तिकीट. रंगाऱ्यानं बंड्या रंगवल्या त्या पहिल्या धुण्यात विटल्या आणि चमू काही दिवस पिवळ्या हरभऱ्याच्या डाळीसारखी दिसत होती. गाव खो खो हसलं. धंदा करता करता माणसाला वेड लागतं, असं नातेवाइकांनी ठरवून टाकलं.

पण चमू जिंकू लागली. सहदेव समोर आला की पाटीवरचा गडी नुसता हवेत हात फिरवत राही. बायका घरी येऊन जमुनाबाईला विचारत, तो लांब पायाचा कोण गं? अमरावतीच्या आसपास सहदेवावर कुणी उघड बोललं नाही. मालक खुशालराव होते आणि सामना ठेवणाऱ्यांना त्यांच्याकडून मदत मिळत होती. सगळ्यांनी डोळेझाक केली. ती डोळेझाक म्हणजे मान्यता, असं खुशालराव समजून चालले.

अकोल्याला मोठे सामने भरले ते साल तेहतीस. भरवणारे केशवराव, तिथले बडे अडते. खुशालरावांचा अकोल्याकडचा सगळा माल त्यांच्याच अडतीवर उतरायचा. जमुनाबाईही गेली होती, बायकांसाठी एका बाजूला बैलगाड्या लावल्या होत्या त्यांत बसली. सामना सुरू व्हायच्या आधी केशवरावांनी खुशालरावांना बाजूला घेतलं. ते काय बोलले हे तिला ऐकू आलं नाही. पण नवऱ्याची मान खाली गेलेली तिनं पाहिली, मग तो सहदेवाकडे गेलेला पाहिला. दोन वाक्यं झाली असतील. सहदेवानं बंडी काढली, घडी केली, सूर्यभानच्या हातात दिली आणि मैदानाबाहेर एका निंबाखाली जाऊन बसला. त्याच्या जागी बदलीचा गडी उतरला.

आणि चमू जिंकली! मोठा चांदीचा करंडक मिळाला. परतीच्या गाडीत पोट्टे नाचत होते. सहदेव त्यांच्या डब्यात नव्हता. अमरावतीला ताशे वाजवत लोक स्टेशनावर आले होते. जमुनाबाईनं निघण्यापूर्वीच घरी नऊ हार ओवायला सांगितले होते, ते आले. आठ घालून झाले, बदलीच्या गड्याला घालायला ती पुढे झाली आणि थांबली.

"अवो," तिनं नवऱ्याला विचारलं, "हा ज्याच्यासाठी ओवला तो कुठं हाये?"

"बडनेऱ्यालेच उतरला. पायी गेला."

"तुमी त्याले काय म्हणलं?"

खुशालराव गर्दीकडे पाहत म्हणाले, "म्हणलं, येक सामना बस. केशवरावाचं मन मोडता येत नाई. धंद्याचा मामला हाये."

जमुनाबाईनं तो हार टोपल्यात परत ठेवला.  

दुसऱ्या दिवशी ते धक्क्यावर गेले. सहदेव नेहमीसारखा करंड्या चढवत होता. खुशालराव त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "सहदेवा, कालचं मनात ठेवू नको. पुढच्या सामन्यात..."

"मालक, माह्या कामात काही खोट हाये?"

"नाई."

"मंग मले कामच राहू द्या. खेळाले दुसरा पाहा." त्यानं करंडी उचलली, मग वळून शांतपणे म्हणाला, "निंबाखाली बसलो न, तर तिथं यक बाई आपल्या पोट्ट्याले म्हणे, तिकडं जाऊ नको. मी दिवसभर पाट्याईतून पळतो तवा कोणी मले शिवू शकत नाई म्हणून टाळ्या पडते. अन् बसलो तर कोणाले शिवाचंच नसते."

हे वाक्य खुशालरावांनी घरी येऊन जसंच्या तसं जमुनाबाईला सांगितलं.  ती फक्त म्हणाली, "करंडक परत करा."

"काय?"

"ज्याच्या जिवावर चमू तिथंवर गेली त्याले बाहेर बसवून तो आणला. तो आपल्या घरात काहून ठेवाचा?"

दोन दिवस खुशालराव घरात फेऱ्या मारत राहिले. केशवरावांना दुखवणं म्हणजे अकोल्याचा बाजार सोडणं, हे त्यांना ठाऊक होतं. जमुनाबाईलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी करंडक एका धोतरात गुंडाळला आणि अकोल्याची गाडी धरली.

अडतीवर गर्दी होती. केशवराव लोडाला टेकून बसले होते. करंडक समोर ठेवलेला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

"काही खोट निघाली का, खुशालराव?"

"करंडकात नाई. माह्यात निघाली."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता. खेळ म्हटला की चार घरचे लोक येतात, त्यांचे रीतिरिवाज सांभाळावे लागतात. आमच्या मुलांनी त्याला शिवायचं कसं? सामना संपल्यावर प्रत्येकानं आंघोळ करायची का?"

"तेच तर म्हणतो," खुशालराव म्हणाले. "आट्यापाट्या म्हणजे शिवाशिवीचाच खेळ हाये न? ज्याले शिवाचं नाई त्याले बाद कसं करान? तुमचे पोट्टे त्याले भेतात, रिवाज तर बहाणा हाये."

अडतीवरचे दोघेतिघे हसले आणि तेच केशवरावांना झोंबलं. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "तुमचा माल यापुढे दुसरीकडे उतरवा."

"बराय," म्हणून खुशालराव उठले. करंडक तिथंच ठेवून ते जिना उतरले.

एका अडत्यानं दार लावलं की दुसरे उघडत नाहीत. अकोल्यात त्यांचा माल कुणी घेईना. तो हंगाम जड गेला. मग जमुनाबाईनंच तोड काढली. ती म्हणाली, अडत्याकडं जाताच काहून, आठवडी बाजार काय मेले? अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या बाजाराला ती पहिल्यांदा स्वतः गेली. संत्र्यांच्या करंड्या आणि शेजारी शेवंतीचे हार, असं दुकान मांडलं. पुढच्या बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतले दुकानदार तिच्याकडून करंडीच्या करंडी उचलू लागले. अकोल्याइतका धंदा झाला नाही, पण घर तगलं आणि कलकत्त्याच्या वाघिणी चालूच होत्या.

खुशालरावांनी त्याच वर्षी बडनेऱ्याच्या रस्त्यावरची, आपल्या वाडीसमोरची एक पडीत जमीन घेतली. काळ्या मातीत पाट्या उन्हाळ्यात फुटतात, पावसाळ्यात चिखलतात, म्हणून मुरूम आणून टाकला. एका कोपऱ्यात विहीर होती, ती उपसली. स्वतःचं मैदान झालं तेव्हा ते पुन्हा सहदेवाकडे गेले. या वेळी धक्क्यावर नाही, महारपुऱ्यात त्याच्या दारात. बसायला पोतं टाकलं त्यावर बसले आणि दिलेलं पाणी प्याले. सहदेव बघत राहिला.

"आता तुमी मले घ्यान," तो म्हणाला, "काहून का मी पळतो. आमच्या पुऱ्यात अजून वीस जण पळणारे हायेत. त्याईले मैदानात येऊ द्यान?"

खुशालराव या प्रश्नासाठी तयार नव्हते. "येऊ दे," ते अडखळत म्हणाले.

"अन् पाणी? त्याच इहिरीचं? त्याच माठातून?"

 खुशालरावांच्या डोळ्यांपुढे भावकी आली असणार. "घरी इचारून सांगतो," म्हणाले आणि उठले. सहदेव हसला. कारण वऱ्हाडात असं सांगून गेलेला माणूस परत येत नाही.

घरी त्यांनी विचारलं तर जमुनाबाई चुलीपाशी होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "माठ यकच ठेवा," ती म्हणाली. "दोन माठ धुवायले मले येळ नाई." मैदान सुरू झालं त्या दिवशी तो माठ तिनंच भरला आणि सगळ्यांसमोर महारपुऱ्यातल्या पोरांनंतर आपण त्यातलं पाणी प्याली. सूर्यभान त्याच संध्याकाळी बंडी टाकून निघून गेला. भावकीनं दोन वर्षं यांच्या घरचं कसलंही आमंत्रण स्वीकारलं नाही. जमुनाबाईला त्याचं दुःख झालं, विशेषतः नणंद यायची बंद झाली त्याचं. पण माठ हलला नाही.

खुशालरावांनी आपले सामने भरवायला सुरुवात केली. हँडबिलावर एकच अट छापली होती: मैदानात उतरेल तो प्रत्येक गडी दुसऱ्याला शिवेल. पहिल्या साली तीन चमू आल्या, त्यांतली एक सहदेवासकट त्यांची स्वतःची आणि एक महारपुऱ्याची. बघायला माणसांपेक्षा बकऱ्या जास्त. दुसऱ्या साली सात आल्या. चांदूरहून जमुनाबाईच्या माहेरचे आले, धारणीचे कोरकू आदिवासी गडी बांबूच्या गाड्यांबरोबर आले आणि पाट्यांवर असे नाचले की लोक खेळ विसरून त्यांच्याकडेच पाहत राहिले. सूर्यभानही परत आला. कुणी समजूत घातली नव्हती. घरी बसून बसून त्याचे पाय शिवशिवत होते, एवढंच. खुशालरावांनी त्याला काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "माठाकडून जा, मंग मैदानात." तो गेला, पाणी प्याला आणि उतरला.

छत्तीस साली अकोल्याचे नऊ गडी आले. केशवरावांनी पाठवलेले नव्हेत, त्यांच्या नकळत आले होते. त्यांचा म्होरक्या देवीदास नावाचा, एका जिनिंगमधला फिटर. तो सरळ सहदेवापाशी जाऊन म्हणाला, "तीन वरसापासून ऐकून राहिलो का तुले कोणी शिवू शकत नाई. मले पाहाचं हाये."

शेवटचा सामना या दोघांच्याच चमूंमध्ये झाला. मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. जमुनाबाई विहिरीच्या कठड्याजवळ उभी होती. सहदेव आला, पहिल्या तीन पाट्या वाऱ्यासारख्या ओलांडल्या. चौथीवर देवीदास होता. सहदेवानं डावा खांदा झुकवला. देवीदास हलला नाही. उजवा झुकवला, तरी हलला नाही. तो खांद्याकडे पाहतच नव्हता, पायांकडे पाहत होता. सहदेवानं झेप घेतली आणि देवीदासाचा पंजा त्याच्या पाठीवर चटकन बसला.

 अमरावतीकरांचा हुकमी गडी बाद! देवीदासाचा हात अजून त्याच्या पाठीवर होता. सहदेव वाकून धापा टाकत होता आणि हसत होता. त्यानं देवीदासाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "पायाकडं पाह्यलं न बे? शिकला कोठून?" तेव्हा कुठे टाळ्या पडल्या आणि मग थांबेनात. जमुनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. खुशालराव उपरण्यानं नाक पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते, "धूळ भल्ली उडून राहिली."

अमरावती हरली. खुशालरावांनी आपल्या हातानं अकोल्याच्या चमूला करंडक दिला. देवीदासाला एक करंडी संत्री जादा दिली आणि म्हणाले, "हे केशवरावाले नेऊन दे. म्हणा, तळाचंही पाहून घ्या." त्यांनी ती खाल्ली की नाही कळलं नाही. पण पुढच्या हंगामात अकोल्याच्या दोन अडत्यांनी खुशालरावांचा माल घ्यायला माणूस पाठवला. जमुनाबाईनं त्यांना चहा पाजला आणि बार्शीटाकळीच्या बाजाराला धक्का लागणार नाही या बोलीवरच माल दिला.

लढाई सुरू झाल्यावर वाघिणी फौजेच्या कामाला लागल्या. बेचाळीस, त्रेचाळीसमध्ये संत्री धक्क्यावर पडून राहू लागली आणि खुशालरावांचा कलकत्त्याचा धंदा जवळजवळ बसला. त्यांनी घराचा वरचा मजला विकला, गाडी-बैल विकले. मैदानाला गिऱ्हाईक आलं होतं, चांगलं होतं. ते न विकता त्यांनी पंच बोलावले आणि मैदान खेळणाऱ्यांच्या नावे लिहून दिलं. पंचांत सूर्यभान होता आणि सहदेव होता. सही करताना ते जमुनाबाईला म्हणाले, "पाह्य, आता आपल्याजोळ वाडीच राहिली."

"वाडीतूनच आलतो," ती म्हणाली. "शेवंतीले यंदा भाव हाये."

त्यानंतर ते पुन्हा वांगी आणि सांभार लावू लागले. सकाळी वाडीचं पाणी देऊन झालं की मैदानावर जात. पोरं पाट्या आखत असत, हे काठी टेकून उभे राहून चुका काढत. सहदेव आता खेळत नव्हता, शिकवत होता. एखाद्या पोरानं खांद्याची हुलकावणी दिली की दोघंही एकदम ओरडत, "पाय, पाय पाह्य!" ते ओरडणं रस्त्यापलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू यायचं आणि शेवंती खुडणारी जमुनाबाई समजायची, की न्याहारीला आज उशीर होणार.